सशाचे दात आणि पोट: खान्देशातल्या उन्हात, इथल्याच चाऱ्यावर

तापीकाठ

सशाने खाणं सोडलं की कुणी म्हणतं पोट बिघडलं, ओवा द्या. कुणी म्हणतं दात वाढले, कापून आणा. ही दोन दुखणी वेगळी धरली की उपचार अर्धाच होतो. सशाचं तोंड आणि पोट एकाच गोष्टीवर चालतं, ती म्हणजे वाळलं गवत. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात लिहितोय. चुकलं असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी दात. सशाला २८ दात. वर समोर दोन पटाशीचे, त्यांच्या मागे दोन बारीक खुंट्यांसारखे, खाली दोन. उरलेल्या २२ दाढा. सगळेच्या सगळे जन्मभर वाढतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिमी वाढतात, दाढांना तेवढं वाढायला महिना लागतो. गवत चघळताना खालचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि गवतातली सिलिका दाढा घासत राहते. गाजर, पोळी, भिजवलेले हरभरे खाताना जबडा वरखाली हलतो, आडवं घासणं जवळजवळ होतच नाही. मग दाढांच्या कडांना काटे फुटतात. खालच्या दाढांचे काटे जिभेकडे वळतात, वरच्यांचे गालाकडे. जीभ सोलवटते. वर वाढायला जागा उरली नाही की मुळं उलट्या बाजूला सरकतात: वरच्या दाताचं मूळ अश्रुनलिकेवर दाबतं, खालच्याचं जबड्याच्या खालच्या कडेला टेंगूळ होऊन बोटाला लागतं.

आता पोट. आतडी हलती ठेवतो तो लांब, न पचणारा तंतू. पचणारा भाग अंधनालेत (लहान-मोठ्या आतड्याच्या जोडावरची मोठी पिशवी) जातो, तिथे आंबतो आणि त्याच्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या होतात. ससा त्या थेट गुदापाशी तोंड नेऊन खातो. ही विष्ठा खाण्याची वाईट खोड नाही, काही जीवनसत्त्वं आणि थोडी प्रथिनं त्याला तिथूनच मिळतात. ससा खायचा थांबला की आतडी मंदावतात, आतला माल सुकतो, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी दुखतं. त्यात सशाला उलटी होत नाही, म्हणजे वरून सुटका नाही.

त्यामुळे एक नियम पाठ करा. १० ते १२ तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, तर ते त्याच दिवशीचं काम आहे. "उद्या बघू" इथे चालत नाही. जाड सशात तर एक-दोन दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी उतरायला लागते.

रोज सकाळी लेंड्या बघा, हे सगळ्यात स्वस्त यंत्र. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, फिकट तपकिरी. चिमटीत फोडली की आत कोरडा गवताचा भुसा दिसतो. लेंड्या बाजरीच्या दाण्याकडे झुकत चालल्या, काळ्या आणि कडक झाल्या, तर तंतू किंवा पाणी कमी पडतंय. आकार वेडावाकडा, दोन चिकटलेल्या, तर आतडी अडखळतायत. केसाच्या दोऱ्यात माळेसारख्या ओवून आल्या, तर केस झडण्याचे दिवस आहेत, रोज विंचरा आणि गवत वाढवा. केसांचा गोळा मुळातलं कारण क्वचितच असतो. आतडी आधी थांबतात, मग केस साठतात.

आणि वजन. स्वयंपाकघरातला वजनकाटा, त्यावर टोपली, दर आठवड्याला एकाच वारी. वजन ५ टक्क्यांनी घटलं तर वरून सगळं ठीक दिसत असलं तरी तोंड तपासून घ्या.

पांझरा_धुळे

दादा, नेमका प्रश्न विचारतो. लोंबत्या कानांचा नर, ३ वर्षं, वजन १.८ किलो (दोन महिन्यांपूर्वी १.९५). मेथी, कोथिंबीर खातो. गवताजवळ जातो, काडी तोंडात घेतो आणि सोडून देतो. उजवा डोळा सतत ओला, डोळ्याखालचे केस चिकटलेले. हनुवटी ओलसर. लेंड्या आहेत पण लहान. डोळ्यात थेंब टाकणं चालू आहे, थेंब बंद केले की चार दिवसांत पुन्हा तेच. समोरचे दात सरळ दिसतात.

पशुसेवक

पांझराभाऊ, तुम्ही लिहिलेलं सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. काडी उचलून सोडणं म्हणजे भूक आहे पण चावताना टोचतंय. पाला चालतो कारण तो फार चघळावा लागत नाही. हनुवटी ओली म्हणजे लाळ गळतेय. एकाच बाजूचा डोळा आणि थेंबांना दाद नाही, म्हणजे अश्रुनलिका खालून दाबली गेली असण्याची शक्यता मोठी. १५० ग्रॅम घट म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर.

समोरचे दात सरळ आहेत म्हणून तोंड ठीक, असं धरू नका. दाढा फार आत असतात, सशाचं तोंड अरुंद, उघडतं जेमतेम. जागेपणी कानात बघायच्या दुर्बिणीने डोकावता येतं, पण पुष्कळ काटे आणि जिभेच्या जखमा निसटतात. पूर्ण तपासणी भूल देऊनच होते. सोबत डोक्याचा एक्स-रे हवाच: एक बाजूने, एक वरून, आणि दोन तिरके. सरळ बाजूच्या फोटोत डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर येतात, मुळं कळतात ती तिरक्या फोटोत.

डॉक्टरांशी बोलताना या गोष्टी स्पष्ट करून घ्या:

दात नखं कापायच्या कात्रीने किंवा पक्कडीने कापायचे नाहीत. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते, तिथून जंतू शिरतो आणि जबड्यात गळू होतं. सशाचा पू दह्याच्या घट्ट चक्क्यासारखा असतो, चिरा दिला तरी वाहून जात नाही. गळू पिशवीसकट काढावं लागतं आणि तरी फिरून येतं. दात फिरत्या हत्याराने, म्हणजे डायमंड चकती किंवा बर (दातांच्या डॉक्टरांचं फिरतं टोक) वापरून घासून कमी करायचे. जीभ आणि गाल पट्टीने बाजूला धरून.

भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. कुत्र्याला ठेवतात कारण तो ओकेल. ससा ओकत नाही. उपाशी ठेवला तर आतडी थांबलेल्या अवस्थेत टेबलावर जाईल. तोंडात चारा राहू नये म्हणून तास-दोन तास आधी खाणं काढलं की पुरे. शुद्धीवर आला की लगेच गवत आणि पाला पुढ्यात, म्हणून घरचा चारा बरोबर न्या.

अॅट्रोपिन (भुलीच्या वेळी देतात ते) बऱ्याच सशांच्या रक्तात लवकर मोडून जातं, त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट वापरतात. गाई-म्हशींचं काम जास्त असलेल्या डॉक्टरांना हे नम्रपणे सांगितलं तर कुणी रागावत नाही.

काटे एकदा घासले की संपलं, असंही नाही. मुळं सरकलेली असतील तर दीड-दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, ज्याच्या त्याच्या वाढीप्रमाणे, परत घासावं लागतं. समोरचे दात जन्मतः वाकडे असतील (ठेंगू आणि लोंबत्या कानांच्या जातींत जास्त) तर दर तीन-चार आठवड्यांनी घासत बसण्यापेक्षा सहाही काढून टाकणं बरं पडतं. ससा ओठांनी आणि दाढांवर छान जगतो, फक्त पाल्याच्या पट्ट्या कापून द्याव्या लागतात.

सातपुड्याची लेक

लाकडाचे ठोकळे, खनिजाचे खडे, "चघळायची खेळणी" यांनी दाढा झिजतात का? दुकानदार तेच हातात देतात.

पशुसेवक

नाही ताई. ती समोरच्या दातांनी कुरतडली जातात. दाढांची झीज गवताच्या आडव्या चघळण्यानेच होते. खनिजाच्या खड्याने तर उलट नको ते कॅल्शियम जातं. ससा खाण्यातलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो, लघवी चुन्याच्या निवळीसारखी गढूळ होऊन मूत्राशयात गाळ बसतो. कडुनिंब सोडून बाभूळ, बोरीची काटे काढलेली काडी करमणुकीला द्या, औषध म्हणून नाही.

रंगीबेरंगी मिसळ खाद्याबद्दलही इथेच सांगतो. त्यातले मक्याचे दाणे, सूर्यफूल, गोड तुकडे ससा वेचून खातो आणि पेंडीच्या गोळ्या सोडतो. म्हणजे पिष्ट जास्त, कॅल्शियम कमी, आणि जबड्याचं हाड विरळ. गोळी खाद्य एकाच रंगाचं, तंतू किमान १८ टक्के, २० च्या वर असेल तर उत्तम. दिवसाला किलो वजनामागे २५ ग्रॅम, त्याहून जास्त नको. आणि कोवळं ऊन. सकाळी सात-आठच्या दरम्यान अर्धा तास, बाजूला सावली ठेवून. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

वैरणीवाले आबा

गवत गवत सगळे म्हणतात, कोणतं ते कुणी सांगत नाही. परदेशी टिमोथी गवताची पिशवी मागवणं प्रत्येकाला परवडत नाही आणि गरजही नाही. हिशेब आधी धरा. २ किलोचा ससा दिवसाला ८० ते १०० ग्रॅम वाळलं गवत खातो. वाया जाणारं धरून महिन्याला साडेतीन-चार किलो. वर्षाचे ४५-५० किलो. एवढं दसरा-दिवाळीच्या दरम्यान एकदाच भरून ठेवता येतं.

मारवेल गवत पहिल्या नंबरचं. बांधाबांधाला आहे. फुलोऱ्यात यायच्या सुमाराला कापा. त्याआधी कापलं तर तंतू कमी, पार पिवळं पडल्यावर कापलं तर चव नाही आणि ससा तोंड लावत नाही. कापल्यावर पहिला दिवस उन्हात पातळ पसरा, दुपारी एकदा उलटा, दुसऱ्या दिवसापासून सावलीत. हिरवट रंग राहिला पाहिजे. वाळलं की नाही ते बघायचं तर मूठभर पिळा: काडी कडकन मोडली तर झालं, नुसती वाकली तर आणखी एक दिवस. तागाच्या पोत्यात, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. प्लास्टिकच्या गोणीत घाम धरतो आणि बुरशी येते. नाकाशी धरल्यावर कुबट वास किंवा झटकल्यावर पांढरी धूळ, तर ते सशाला नाही.

पवन्या सातपुड्याकडे मिळतो, चांगला. हराळी ओली-वाळली दोन्ही चालते. ओट कुणा दूधवाल्याने रब्बीत पेरला असेल तर फुलोऱ्यात असताना दोन-चार पेंढ्या मागून घ्या, सावलीत वाळवा, ससे त्यावर तुटून पडतात.

कुसळी गवत नको. त्याची कुसळं हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात रुततात. आधीच दात दुखणाऱ्या सशाला तर ते काट्यावर काटा.

दादर ज्वारीचा कडबा चालतो का, हे मला सारखं विचारतात. चालतो, पण पानांपुरता. पेंढी सोडून पाती ओरबाडून द्या, ताटाचे दांडे बाजूला ठेवा, ते चिरले की सुरीसारखी धार असते. आणि तो एकटाच नको, मारवेलात मिसळून. ज्वारीचं हिरवं, कोवळं पीक किंवा कापणीनंतरचे फुटवे कधीच नको. गुरांना किराळ (विषबाधा) लागते ती त्यातल्या हायड्रोसायनिक आम्लामुळे, आणि ससा तर केवढा जीव. पाऊस ताणला की ते आणखी वाढतं.

गव्हाचा भुसा मळणीयंत्रातून बारीक होऊन येतो, धुळकट असतो, चघळण्याजोगी लांबी त्यात उरत नाही. अंथरायला घ्या. कडबाकुट्टीचंही तेच. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. वाढत्या पिलाला किंवा वजन उतरलेल्याला मूठभर ठीक. मुरघास नाही. सरकीची ढेप नाही, त्यात गॉसिपॉल नावाचं विष असतं.

शेवटचं म्हणजे बांध कुणाचा ते बघा. कपाशीच्या आणि केळीच्या बांधावर तणनाशक, कीटकनाशकाचा फवारा उडतो. मालकाला शेवटची फवारणी विचारल्याशिवाय विळा लावू नका.

रावेरकर

बठ्ठं बराबर से, आबा. केळीचं मी जोडतो, कारण आमच्याकडे केळी पायलीने पडलेली असते आणि तीच सशापुढे जाते. पिकलेलं केळ म्हणजे साखर आणि पिष्ट. अंधनालेतले चांगले जंतू मागे पडतात, वायू करणारे पुढे येतात. द्यायचंच तर औषध चारायला, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. केळीचं पान मात्र चालतं, न फवारलेलं, धुऊन, पट्ट्या फाडून. कोबी-फ्लॉवरची पानं थोडी. पालक, घोळ, तांदुळजा यांत ऑक्झॅलेट जास्त, रोज एकच न देता फिरवत राहा. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, घाणेरी, कण्हेर, रुई यांच्या आसपासही नको.

पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत बघून एकदम वाढू नका. नवा चारा कोणताही असो, १० ते १४ दिवसांत थोडाथोडा वाढवायचा.

भुसावळ_जंक्शन (रात्री १०:५०)

तातडीचं आहे. मादी, २ किलो. दुपारी साडेबारानंतर काहीच खाल्लं नाही. संध्याकाळपासून एकही लेंडी नाही. कोपऱ्यात पोट जमिनीला दाबून बसते, मधूनच दात करकरते. डॉक्टर सकाळी ९ ला. घरी डिजिटल थर्मामीटर आणि सिरिंज आहे. आता काय करू?

तापीकाठ (रात्री ११:०५)

ताई, क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा.

१. पोटाला हात लावा. पुढचे पाय टेबलावर ठेवून, दोन्ही बाजूंनी तळहात हलके, दाबायचं नाही. मळलेल्या कणकेसारखं लागतंय की ढोलकीसारखं ताणलेलं? डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीमागे खास बघा, जठर तिथे असतं.

२. ताप. थर्मामीटरला व्हॅसलिन लावा, टोक जेमतेम दीड सेंटीमीटर आत. १०१ ते १०३ फॅरनहाइट ठीक. १०० च्या खाली असेल तर आधी ऊब, मग बाकी सगळं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला लावा, वर पातळ चादर. थंड पडलेल्या सशाच्या पोटात काही ढकललं तरी ते पुढे सरकत नाही.

३. पोट ढोलकीसारखं असेल, किंवा ती आडवी पडत असेल, कान गार असतील, तर काहीही भरवू नका. ते अडकणं असू शकतं, सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही. मिळेल त्या डॉक्टरला आत्ता उठवा.

कळवा.

भुसावळ_जंक्शन (रात्री ११:२०)

पोट मऊ आहे, कणकेसारखं. ताप १००.९.

तापीकाठ (रात्री ११:३०)

मग हाताशी वेळ आहे. कोमट पाणी, सिरिंजने, तोंडाच्या बाजूने समोरच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून, एका वेळी अर्धा ते एक मिली. गिळू द्या, मग पुढचं. असं १० मिली. पाठीवर झोपवायचं नाही, मान वर करायची नाही, पाणी फुप्फुसात जातं. ओली कोथिंबीर, पुदिना, मेथीची जुडी नाकाशी धरा, बहुतेक वेळा वासाने खातात. गवत ताजं टाका. खोलीत पाच-दहा मिनिटं चालू द्या, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. ऊब चालू ठेवा.

पाणी नीट गिळलं तर तासाभराने भरवायचं. सशाच्या गोळी खाद्याची मिक्सरला पूड, एक भाग पूड, दोन भाग कोमट पाणी, १५ मिनिटं भिजू द्या, गाळणीतून दाबून काढा. ताकाच्या कढीपेक्षा जरा दाट. सुरुवातीला ५ ते ८ मिली. मूग, दूध, केळ, साखरपाणी, सेरेलॅक यातलं काही नको.

दात करकरणं म्हणजे दुखतंय. दुखणं थांबल्याशिवाय आतडी चालणार नाहीत, आणि ते औषध डॉक्टरच देतील. माणसाची गोळी तोडून देऊ नका.

सातपुड्याची लेक

बाळाचं ग्राइपवॉटर? आणि एरंडेल? गावाकडे दोन्ही सांगतात.

पशुसेवक

एरंडेल, लिक्विड पॅराफिन, तूप, अननसाचा रस, यातलं काहीच नाही. आत अडकलेला माल सुकलेला असतो, त्याला हवं पाणी. तेल नुसतं बाजूने सरकतं, आणि ठसक्यात फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत, साखर मात्र जाते. ग्राइपवॉटरमध्ये बहुधा साखर असते, तेही नको.

सिमेथिकोन, लहान बाळांचे पोटफुगीचे थेंब, ४० मिलीग्रॅम प्रति मिली असतात ते, १ मिली, तासाच्या अंतराने तीनदा, एवढं देता येतं. ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे अपाय सहसा होत नाही. पण त्याचा फायदा फार धरू नका, मूळ उपचार पाणी, ऊब, वेदनाशामक आणि भरवणं हाच.

सकाळी डॉक्टरांकडे: रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं द्रव) अंगाच्या तापमानाला कोमट करून कातडीखाली, वेदनाशामक (मेलोक्सिकॅम सशाला कुत्र्यापेक्षा जास्त प्रमाणात लागतं, पण अंगातलं पाणी भरून निघाल्यावर), आणि अडथळा नाही अशी खात्री झाल्यावरच आतडी हलवणारं औषध. अडथळ्याची शंका असेल आणि एक्स-रे जवळ नसेल तर कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त ग्लुकोमीटरवर घेता येतं. माणसाच्या यंत्राचा आकडा सशात थोडा इकडेतिकडे होतो, तरी दिशा कळते. आतडी नुसती मंद असतील तर साखर थोडीच वाढलेली दिसते. ३६० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर अडथळ्याचा संशय जोरात घ्यायचा. प्रत्येक तालुक्यात ग्लुकोमीटर आहे, सशासाठी तो वापरायचं कुणाला सुचत नाही एवढंच.

आणि ही यादी कागदावर लिहून जवळ ठेवा. तोंडाने नको ती प्रतिजैविकं: अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, सेफॅलेक्सिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन. ही सशाच्या अंधनालेतले उपयोगी जंतू मारतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने ससा जातो. पिसवांसाठी फिप्रोनिल नको, कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते. स्टेरॉइड टाळायचं. सशात नेहमी वापरतात ती एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, मेट्रोनिडॅझोल, मात्रा डॉक्टर वजनावर काढतील. मात्रा मिलीग्रॅम आणि मिली दोन्हींत लिहून घ्या, एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात.

भुसावळ_जंक्शन (पहाटे ५:१०)

तीन वेळा मिळून २० मिली गेलं. कोथिंबीर चार काड्या. सहा बारीक काळ्या लेंड्या आल्या. डॉक्टरांकडे नेतेच आहे.

तापीकाठ

जाच ताई. लेंड्या आल्या म्हणजे वाट मोकळी आहे, पण थांबण्याचं कारण अजून सापडलेलं नाही. दाढा बघायला सांगा. आणि रात्री कूलर चालू होता का, खोलीत किती तापमान होतं, तेही सांगा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हे कारण पहिलं असतं.

रावेरकर

उन्हाचं सविस्तर लिहायलाच हवं. सशाला घाम येत नाही, धापून अंग गार करणंही फारसं जमत नाही, उष्णता जाते ती कानांवाटे. १५ ते २१ अंशांत तो सुखी, २८-३० च्या वर त्रास सुरू. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. ऊन बाधलं की आधी पाणी आणि गवत कमी होतं, आणि मग वर लिहिलेलं सगळं.

एप्रिल-मे कोरडा असतो म्हणून वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, झोत थेट अंगावर नको. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर निकामी. शहाबादी फरशीचा तुकडा पाणी मारून ठेवा. लिटरची बाटली गोठवून सुती फडक्यात, दुपारी १२ आणि ३ ला बदला. धाब्याचं घर असेल तर सगळ्यात आतली खोली. पत्र्याखाली पिंजरा नको. पाणी मातीच्या जड परळात द्या, नळीच्या बाटलीतून ससा कमी पितो. दिवसाला किलोमागे साधारण १०० मिली जायला हवं, पाला धुऊन ओलाच टाकला तर त्यातूनही जातं.

ऊन लागलंच तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. नाशिक-मुंबईला न्यायचं असेल तर रात्री निघा, धुळ्याहून आग्रा रोडने पहाटेच्या आत नाशिक गाठता येतं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, लोक बैलघोडा म्हणतात ते, बऱ्याच जणांना माहीत आहेच. पण जाण्याआधी फोन करून सशाच्या दातांचं काम करणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते विचारा.

सातपुड्याची लेक

अजून एक. मागच्या पायांना मऊ, काळपट, वास मारणारं चिकटलेलं दिसतं. हे जुलाब ना? गोल, कोरड्या लेंड्याही येतात.

तापीकाठ

गोल, कोरड्या लेंड्या नीट येत असतील तर ते जुलाब नाहीत, न खाल्लेल्या मऊ लेंड्या आहेत. दोन कारणं बघा. गोळी खाद्य किंवा गोड जास्त, म्हणून पोट भरलेलं असतं. किंवा तोंड, पाठ दुखते, जाडी वाढली, म्हणून मागे तोंड पोचत नाही. म्हणजे पुन्हा दाढांपाशी येतो आपण. खाद्य निम्म्यावर आणा, पाला तीन-चार दिवस कमी करा, गवत अमर्याद. मागचा भाग कोमट पाण्याने तेवढाच धुवा आणि पूर्ण कोरडा करा, सगळी आंघोळ नको. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बघा: तिथे माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या कातडीत शिरतात.

दीड-तीन महिन्यांच्या पिलाला खरोखर पाण्यासारखे जुलाब लागले तर ते वेगळं, कॉक्सिडिया (आतड्यातला परजीवी) असू शकतो. ताजी लेंडी डबीत घेऊन तासाभरात दवाखाना.

पांझरा_धुळे

भूल देऊन तपासलं. खालच्या दोन दाढांचे काटे जिभेत रुतले होते, घासले. एक्स-रेत उजव्या वरच्या दाढेचं मूळ वाढलेलं आहे. पाच दिवस मेलोक्सिकॅम. पाला खातोय, गवत अजून नाही. भरवायचं किती आणि कधीपर्यंत?

पशुसेवक

१.८ किलोला एका वेळी १८ ते २७ मिली, दिवसातून चार-पाचदा, मिळून ९० मिलीच्या आसपास. १० मिलीची सिरिंज घ्या, टोक तिरकं कापून रुंद करा आणि काचकागदाने घासा, नाहीतर हिरडी कापेल. वेदनाशामक दिल्यावर पाऊण-एक तासाने भरवा, तेव्हा तोंड कमी दुखतं. स्वतःहून खाल्लेलं वाढलं की प्रत्येक खेपेला ५ मिली कमी करत जा, एकदम बंद नको.

गवत कात्रीने दोन-तीन सेंटीमीटर कापून, पाण्याचा हबका मारून, कोथिंबिरीत मिसळून द्या. जीभ भरायला आठवडाभर लागतो. मग हळूहळू लांब काडीवर आणा, कारण मऊ खाण्याची सवय राहिली तर काटे लवकर परततात. डोळ्यासाठी अश्रुनलिका सलाइनने धुऊन घेता येते, पण मूळ तिथेच असल्याने पाणी थोडं वाहतच राहील, दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा.

वजन रोज एकाच वेळी, पहिलं भरवण्याआधी. १.८ वरून दोन दिवसांत ५० ग्रॅम जरी उतरलं तरी डॉक्टरांना फोन. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, आजच तारीख घ्या.

वैरणीवाले आबा

पांझराभाऊ, कोवळी हराळी सावलीत दोनच दिवस सुकवून बघा. पूर्ण वाळलेल्या मारवेलापेक्षा ती मऊ असते आणि तंतूही असतो. आमच्या बांधावर फवारा नाही, धुळ्याला गाडी येते त्यात दोन पेंढ्या टाकतो.

पांझरा_धुळे

आबा, टाका. आज सकाळी १.७९.